आधी आम्हाला शिकवा

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण पेण व रोहा येथे सुरू करणेबाबत.

महोदय,

हाच विषय लिहून गेल्या तीन वर्षांत मी चार अर्ज दिले. चारही अर्जांच्या माझ्याकडच्या प्रतींवर आवक क्रमांकाचा शिक्का आहे, उत्तर मात्र एकाचंही आलेलं नाही. कोणत्या कार्यालयात दिले ते इथे लिहीत नाही. टेबलामागच्या एका माणसाला जाब विचारून माझं काम होणार नाही. ज्यांनी ठरवलं तर होईल, त्यांनाच लिहिते आहे.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. शिक्षण बारावी. माझा भाऊ रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे होता. बारा वर्षं पीत होता, शेवटची तीन वर्षं तर उठल्या उठल्या लागायची. एका दसऱ्याला त्यानं आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, उद्यापासून थेंब नाही. आम्ही आनंदानं रडलो. त्याचा शब्द मोडू नये म्हणून खोलीला बाहेरून कडी घातली. वहिनी खिडकीतून पेज द्यायची. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम फुटला. दुसऱ्या रात्री झटका आला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ओरडायला लागला, मला ओळखेना. बाहेरचं आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि भगत आला. अंगारा लावला, नारळ उतरवला. रात्री रिक्षात घालून नेताना तो वाटेतच गेला.

दारूनं नेलं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. दारू एकाएकी तोडल्यानं तो गेला, आणि ती तोडायला आम्ही हातभार लावला. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला धरून चालायला शिकलेला असतो. ती अचानक थांबली की काही तासांतच थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम. वेळेवर दवाखान्यात नेऊन ठरावीक औषधं मोजून दिली, थायमिनची इंजेक्शनं दिली, तर बहुतेक माणसं वाचतात. एवढं सांगणारा एक माणूस आमच्या आळीत असता तर ती कडी लागली नसती. मला हे कळलं ते भाऊ गेल्यानंतर दोन वर्षांनी.

तेव्हापासून दर रविवारी मी पेण आणि रोह्यातल्या अशा घरांत जाते. बायका बोलावतात. माझ्याकडे कळकळ आहे, ज्ञान नाही, आणि नुसत्या कळकळीची मला आता भीती वाटते. पेणमधल्या एका बाईनं नवऱ्याच्या डाळीत न सांगता गोळी कुटून घालायला सुरुवात केली होती. तिनं मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले, चांगलं केलंस. ती डायसल्फिरामची गोळी होती. ती पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यायची असते. तो माणूस वाचला. माझा सल्ला चुकला होता, हे मला नंतर एका डॉक्टरांकडून कळलं.

कारखान्यात मला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करू देण्याआधी दोन वर्षं नुसता अंगाचा रंग मारायला लावला होता. मातीचा डोळा बिघडू नये म्हणून दोन वर्षं! आणि जित्या माणसाच्या बाबतीत शासनाची अपेक्षा काय, तर गावातल्या बायकांनी, शिक्षकांनी, तरुण मंडळांनी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची प्रभातफेरी काढावी, २ ऑक्टोबरपासून व्यसनमुक्ती सप्ताह पाळावा, शपथ द्यावी. माझ्या भावानं घेतली होती ती शपथच होती, महोदय. शपथेनंतरच्या तीन दिवसांत काय करायचं, ते आम्हाला कोणी शिकवलं नाही.

प्रशिक्षण आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि उत्तम आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तिथे उपचार घेऊन बरे झालेलेच पुढे तिथले कार्यकर्ते झाले, आणि केंद्र सरकारनं त्या संस्थेला विभागीय प्रशिक्षण केंद्र केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पेणहून बोरघाट चढून किंवा रोह्याहून ताम्हिणी ओलांडून तिथे राहायला जाणार कोण? रोजंदारीवरची बाई महिनाभर काम सोडू शकत नाही. गणपतीच्या आधीचे महिने सोडले तर वर्षाची कमाई गेली. आणि ज्याची दारू नुकती वर्षभर सुटली आहे, त्याला ठेकेदार परत घेईलच असं नाही. खर्च कोण देणार आणि शिकून आल्यावर काम कोण देणार, हे दोनच प्रश्न मी चारही अर्जांत विचारले होते.

मला तोंडी उत्तर मिळालं ते असं, की समुपदेशक व्हायला पदवी लागते. म्हणून गोव्याचं सांगते. तिथे संगथ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सेवेबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन दिलं. ते देणारे डॉक्टर नव्हते आणि मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. मानसिक आरोग्याचं आधी काहीही शिक्षण नसलेली स्थानिक माणसं होती, शालेय शिक्षण झालेली. त्यांना वर्गात शिकवलं, मग हाताखाली घेऊन काम करायला लावलं, त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून तपासल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. हे आपल्या शेजारच्या राज्यात झालं आहे. ज्याला पूर्ण व्यसन जडलं आहे त्याला चार बैठका पुरत नाहीत, दवाखाना लागतो, हे मला माहीत आहे. पण कोण कोणत्या गटातला, हे ओळखायलाही शिकावंच लागतं.

आता तुमच्याच आकड्यांकडे या. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ साली आली. तिच्यानुसार देशात दारू पिणारे १६ कोटी, आणि ज्यांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे असे ५.७ कोटी. व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. माझा भाऊ बाकीच्या १७९मधला.

आणि राज्याचं पाहा. उत्पादन शुल्कातून २०२२-२३ साली २१ हजार कोटींवर महसूल आला. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं कर वाढवला आणि वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असं सांगितलं. त्याच निर्णयात उत्पादन शुल्क विभागासाठी ७४४ नवी पदं आणि ४७९ पर्यवेक्षकांची पदं मंजूर केली. म्हणजे १२२३. मी ती बातमी तीनदा वाचली. दारू सोडवणाऱ्या माणसाचं एकही पद मला त्यात सापडलं नाही. वसुलीला माणसं लागतात हे तुम्हाला समजतं, मग सोडवायला माणसं लागतात हे का समजू नये?

रेवदंड्याच्या निरूपणाच्या बैठकीनं आमच्या जिल्ह्यात कित्येक घरांतली बाटली बाहेर काढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण श्रवणाला जाऊन बसण्याइतकाही जो उरलेला नाही, त्याच्या दारात कोणीतरी जावं लागतं. पेण तालुक्यातल्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आठवड्याची खर्ची हातात पडते आणि तिच्यातली किती हातभट्टीला जाते ते तिथल्या बायकांना विचारा. त्यांच्यापर्यंत जायचं तर त्यांच्यातलाच माणूस शिकवून तयार करावा लागेल. पुण्या-मुंबईचा पदवीधर भट्टीवर सहा महिने राहायला येणार नाही. आणि प्रश्न दारूपुरताच नाही. २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरात श्रीवर्धनपासून मुरुड-अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा पोलिसांनी किनारे पिंजून काढले. योग्यच केलं. पण रोह्यातल्या ज्या आईला मुलाच्या दप्तरात पुडी सापडते, ती कोणाकडे जाते? ती माझ्याकडे येते, आणि मला चरसबद्दल काहीही माहीत नाही.

मागणी मोठी नाही. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठीतून वर्ग घ्या. बुडालेल्या रोजाइतकं विद्यावेतन द्या. दहावी झालेल्यांना बसू द्या, आणि ज्यांची स्वतःची दारू सुटली आहे त्यांना आधी घ्या. केंद्राच्या योजनेतही अशा सोबत्यांसाठी जागा आहे. वर्गानंतर सहा महिने जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करू द्या. मग आरोग्य केंद्रात मानधनावर नेमा. पहिल्या तुकडीसाठी माझ्याकडे अकरा नावं आहेत. सात बायका, चार पुरुष. चौघांपैकी तिघे एकेकाळी गटारात पडलेले मी पाहिले आहेत. आज त्यांच्याइतकं चांगलं कोणाला बोलता येत नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी रोह्याला जाणार आहे. तिथे चौतीस वर्षांचा एक माणूस सोमवारपासून दारू सोडणार म्हणतो आहे. त्याच्या बायकोनं फोनवर विचारलं, खोलीला कडी घालू का? मी नको म्हटलं. आधी सरकारी दवाखान्यात दाखव म्हटलं. तो जायला तयार नाही, आणि त्याला तयार कसं करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

पेण, जि. रायगड
अर्जदार