पाळणाघर कारखान्याच्या दारात हवं: मरोळच्या एकल पालकांचा जाहीरनामा

आम्ही मुंबईतल्या मरोळमध्ये एकट्याच्या बळावर मूल वाढवणारी माणसं. कुणाचा नवरा वारला, कुणाला नवऱ्याने टाकलं, कुणी नवऱ्याला सोडून आली. बायको गेलेले बापही आमच्यात आहेत. सीप्झ, एमआयडीसीतले गाळे, साकीनाक्याचे शिलाईचे कारखाने, विमानतळाजवळची हॉटेलं, मिलिटरी रोडच्या सोसायट्यांमधली धुणीभांडी, अशा कुठल्या ना कुठल्या कामावर आमची घरं चालतात. मुलाला ताप येईपर्यंत तरी चालतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. गावाकडे मूल सांभाळायला कुणीतरी असतं, पण एकटीला काम मिळत नाही. मरोळला काम मिळतं, पण मूल सांभाळायला कुणी नसतं. सरकार मात्र दोन्हीकडच्या बाईला एकच योजना आणि एकच रक्कम देऊन मोकळं होतं.

बीडकडे बघा. ऊसतोडीची टोळी भरताना मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा गेला की बाई अर्धा कोयता होते, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायचं की नाही हे मुकादम ठरवतो. दीर नाहीतर भाऊ जोडीला मिळाला तरच तिचा हंगाम लागतो. यवतमाळात दुखणं वेगळं. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला, रान ती कसते, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर. मग पीककर्ज कसलं? दुसऱ्याच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जावं लागतं. कोकणची तऱ्हा आणखी निराळी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. लग्न टिकलेलं असूनही तिथली कितीतरी घरं एकटी बाईच चालवत आली, आणि आंबा-काजूचं काम हंगामापुरतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणी या जिल्ह्यांतूनच आल्या. मरोळला रोजगार आहे हे खोटं नाही. १९७३ पासून सीप्झ आहे, २०१४ ला मेट्रो आली, आता मरोळ नाक्यावर दोन मेट्रो मिळतात. पण अंगणवाडी काही तासांची, पालिकेची शाळा अर्ध्या दिवसाची आणि शिफ्ट आठ तासांची. त्यावर ओव्हरटाइम, त्यावर अंधेरी-कुर्ला रोडची वाहतूक. मधल्या तासांत मूल शेजारणीच्या भरवशावर. शेजारीण गावी गेली की खाडा, तीन खाडे झाले की कंत्राटदार दुसरी बाई बघतो.

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१९ मध्ये सांगितलं, की भारतात ४.५ टक्के कुटुंबं एकट्या आया चालवतात आणि त्यांच्यातली गरिबी ३८ टक्के आहे. आईबाप दोघं असलेल्या घरांत ती २२.६ टक्के. हा देशाचा आकडा झाला. आम्हाला जिल्ह्याचा हवा, वॉर्डाचा हवा: एकल पालकांपैकी किती जण कामावर आहेत, किती जणांनी मुलासाठी काम सोडलं. हे मोजल्याशिवाय केलेली योजना आम्ही अंदाजपंचे समजू.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं. छान. पण एका गाळ्यात पंधरा माणसं, शेजारच्यात वीस, वरच्या मजल्यावर कंत्राटदाराच्या मस्टरवर तीस. एकाच जिन्याने पासष्ट कामगार चढतात आणि पाळणाघर कुणालाच लागू नाही! उलट २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद अशी होती: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. मातीकामाच्या जागी पाच मुलं मोजायची आणि औद्योगिक वसाहतीत पन्नास कामगार, हे आम्हाला मान्य नाही. आम्ही म्हणतो, मरोळलाही मुलं मोजा. गाळा न मोजता अख्खी इमारत धरा. अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायला सामाजिक सुरक्षा संहिता परवानगी देतेच; एमआयडीसीने त्यासाठी दर इमारतीत एक गाळा राखावा. ते शिफ्टच्या आधी उघडावं, शिफ्टनंतर तासाभराने बंद व्हावं. आणि तिथे काम करणाऱ्या बाईला मानधन नको, पगार हवा.

राज्य सरकारी नोकरीत बाईला, आणि पत्नी वारलेल्या बापालाही, मुलाच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा २०१८ पासून मिळते. आम्हाला तिचा हेवा नाही. कंत्राटी कामगार असलेल्या एकल पालकाला वर्षाला बारा पगारी दिवस द्या, एवढंच मागतो. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार आम्ही घेतो, नाकारत नाही. पण त्यात मरोळच्या खासगी पाळणाघराचा महिना निघत नाही, आणि बापाला तर तेही नाहीत.

गावाकडच्या मागण्या आम्ही सोडलेल्या नाहीत. उचल बाईच्या स्वतःच्या नावाने मिळावी, नवऱ्यामागे सातबाऱ्यावर तिचं नाव तिने खेटे न घालता चढावं. मराठवाड्यातली एकल महिला संघटना आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती यांनी वाट पाडली आहे. त्यांच्यापुढे शहाणपण मिरवायचं आम्हाला कारण नाही.

आमचं पहिलं काम मोजणीचं. इमारतीगणिक किती कामगार, सहा वर्षांखालची किती मुलं, शिफ्ट सुरू असताना ती कुठे असतात, एवढं वहीत लिहायचं. संघटनेचं नाव अजून ठरलेलं नाही, भांडण चालू आहे. वर्गणी ठरली आहे: पैसे घेणार नाही, महिन्यातून एक रविवार दुसऱ्या सभासदाची मुलं सांभाळायची. बापांनाही यातून सूट नाही.