वृद्धाश्रमातील अनामत

नृसिंहवाडीच्या घाटावर आईचे दिवस करून एक गृहस्थ दवाखान्यात आले. रक्तदाब वाढलेला, दुखणे मात्र निराळेच होते. आई महिन्याच्या चार तारखेस वृद्धाश्रमात निवर्तल्या. पूर्ण महिन्याचे आगाऊ शुल्क आणि अनामत आश्रमाकडेच राहिली होती. “डॉक्टर, गेलेल्या आईचे पैसे मागायचे कसे?”

मागावेत. त्यात लाज कसली? आधी करारपत्रातील परताव्याचे कलम वाचावे. पावतीवर ‘देणगी’ लिहिले असेल, तर वाट अवघड. मृत्यूचा दाखला, पावत्या व वारसाचा पुरावा जोडून लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मृत ग्राहकाच्या कायदेशीर वारसास तक्रार करता येते, तीही स्वतः राहतो त्या जिल्ह्यात. आश्रम पुण्यात असला, तरी आपल्याकडील वारसाला कोल्हापूर पुरते. मुदत दोन वर्षे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. विनामूल्य आश्रमांना मात्र हे लागू नाही.

गृहस्थांनी अर्ज माझ्याच टेबलावर लिहिला. रक्तदाबाची गोळी तूर्त चालू ठेवली आहे.