डॉक्टर व्हायचंय? मग इतिहास घ्यायला काय हरकत आहे?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नेहमीसारखं आठवणींचं गाठोडं सोडणार नाही. भांडण घरातलंच आहे, पण ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत अशा बऱ्याच घरांत ते थोड्याफार फरकाने चालू असणार, म्हणून इथे मांडते आहे. घरच्यांनी राग मानू नये. मानलात तरी लिहिणारच आहे!

तर विषय असा. माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. (हे तिचं स्वतःचं म्हणणं आहे, आईबापांचं नव्हे, एवढं आधी सांगते.) तिकडे साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय, म्हणजे 'मेजर', जाहीर करावा लागतो. तिने सांगितलं, मी इतिहास घेणार. झालं! आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत हाहाकार. "इतिहास घेऊन कोणी डॉक्टर होतं का?" "बायॉलॉजीच घ्यायला लावा." एकाने तर "आर्ट्सवाल्यांना विचारतं कोण" असंही लिहिलं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि पस्तीस वर्षं शाळेत मराठी-इतिहास शिकवलेली एक बाई त्याच ग्रुपवर आहे, हे बहुधा तो विसरला. असो.

मी त्या पोरीकडून कॉलेजची आणि मेडिकल स्कूलांची माहिती मागवून घेतली आणि चार दिवस पेन्सिल घेऊन बसले. अभ्यासक्रम हातात आला की खुणा करत वाचायचा, ही मास्तरकीची खोड काही जात नाही. वाचल्यावर जे दिसलं ते असं.

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जायची वाट फार अरुंद आहे. काही थोडे जोड अभ्यासक्रम सोडले तर आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ती पदवी कोणत्या विषयाची असावी, याबद्दल बहुतेक मेडिकल स्कूलांचं काहीही म्हणणं नाही. 'प्री-मेड' नावाचा विषयच बहुतेक ठिकाणी नाही, ती फक्त एक तयारी आहे. त्यांना हवे असतात ते ठराविक पेपर. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र, प्रत्येकी दोन सत्रं, प्रयोगशाळेसकट. शिवाय जीवरसायनशास्त्र. बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. आणि हो, अनेक ठिकाणी दोन सत्रं इंग्रजी किंवा लेखन! हे शेवटचं ग्रुपवर कुणीच सांगितलं नाही.

आता हिशेब करू. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. वरचे चार विज्ञान विषय प्रत्येकी ८ धरले तर ३२. जीवरसायनशास्त्र ४, संख्याशास्त्र ३, मानसशास्त्र-समाजशास्त्र ६, इंग्रजी ६. बेरीज ५१. इतिहास मेजरला कॉलेजागणिक कमीजास्त, पण ३६ धरू. एकूण ८७. म्हणजे अजून ३३ शिल्लक राहतात! त्यात कॉलेजचे सक्तीचे इतर विषय बसतात. मुलीला वेळापत्रक नीट आखावं लागेल, एक-दोन उन्हाळी वर्ग करावे लागतील कदाचित. पण "जमणारच नाही" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

दुसरी गोष्ट परीक्षेची. तिकडच्या एमकॅट या प्रवेश परीक्षेचे चार भाग असतात आणि चारही भागांना सारखेच गुण, ११८ ते १३२. त्यातला एक संपूर्ण भाग निव्वळ वाचनाचा आहे. ९० मिनिटं, ५३ प्रश्न, आणि उतारे साहित्य, इतिहास, कला, समाजशास्त्र असल्या विषयांतले. विज्ञानाचा एक शब्द नाही. लेखकाला काय म्हणायचंय, त्याचा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो, एवढंच विचारतात. २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही भाग त्यात घातला. परीक्षा घेणाऱ्यांना कळलं, आपल्या नातेवाईकांना अजून कळायचंय!

"पण प्रवेश मिळतो का?" मिळतो. तिकडच्या मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी आकडे जाहीर करते. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जीवशास्त्राचे असतात, मानव्यशाखेचे अगदी थोडे. पण अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला हे पाहिलं, तर मानव्यशाखेचं प्रमाण जीवशास्त्रापेक्षा कमी नाही, उलट अलीकडे थोडं जास्तच दिसतं. यावरून 'इतिहास घेतला की प्रवेश पक्का' असं मी म्हणणार नाही. इतिहास घेऊन वर सेंद्रिय रसायनशास्त्र करणारी मुलं मुळातच जिद्दीची असतील. पण 'इतिहास घेतला की दार बंद' हे मात्र साफ खोटं ठरतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ साली मानव्यशाखेच्या मुलांसाठी मुद्दाम वेगळी योजना काढली. एमकॅट नाही, सेंद्रिय रसायनशास्त्राची सक्ती नाही. २०१० साली त्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ती पुढे मेडिकलमध्ये इतरांच्या तोडीस तोड निघाली होती.

आता मला खरं काय म्हणायचंय त्याकडे येते.

डॉक्टर रुग्णाला तपासताना पहिली गोष्ट काय करतो? 'हिस्टरी' घेतो. शब्द त्यांचाच आहे, माझा नाही! कधीपासून दुखतंय, आधी काय झालं होतं, घरात आणखी कुणाला होतं. समोरचा सांगतो त्यातलं किती खरं, किती विसरलेलं, किती लाजेने दडवलेलं हे ओळखायचं. एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशी ताडून पाहायची. मी वर्गात इतिहास शिकवताना मुलांना दुसरं काय सांगत होते?

आणि भाषेचं म्हणाल तर आपल्या मराठीतच बघा. ठणकतं, ठसठसतं, सलतं, टोचतं, चमक निघते, कळ येते, मुरडा येतो, भगभगतं, शिवशिवतं. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं आहे. आमच्या शेजारच्या आजींना "छातीत जळजळतंय की आवळल्यासारखं होतंय?" असं विचारणारा डॉक्टर भेटला तेव्हा त्यांचं अर्धं दुखणं तिथेच कमी झालं. त्याआधीचा नुसता "पेन आहे का, यस ऑर नो?" विचारत होता. हे शब्द ऐकायला कान तयार व्हावा लागतो, आणि तो वाचून-लिहून, माणसांच्या गोष्टी समजून घेऊन होतो.

याहून मोठी गोष्ट सांगते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे विज्ञान हजर होतं. पण त्याच वर्षी पुण्यात घराघरांत सोल्जर घुसवून प्लेग हटवायला निघालेल्या सरकारला माणसं कळली नाहीत. लोकांनी रोगी लपवले, आणि पुढे जूनमध्ये रँडचं काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल. अमेरिकेतलंच उदाहरण हवं असेल तर टस्कीगीचं घ्या. सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत नुसतं 'निरीक्षणाखाली' ठेवलं. मधल्या काळात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आला, तरी तो दिला नाही. हे करणारे अडाणी नव्हते, शिकलेले डॉक्टर होते. त्यांना जंतू ठाऊक होता, समोरचा माणूस दिसत नव्हता. आमची पोर उद्या त्याच देशात दवाखान्यात बसणार आहे. एखादा म्हातारा कृष्णवर्णीय माणूस तिच्या औषधाकडे संशयाने का पाहतो, हे तिला कुठल्या प्रयोगशाळेत कळणार?

आता काळजीबद्दल बोलू, कारण भाचीची काळजी खोटी नाही. तिचा प्रश्न असा: "मावशी, डॉक्टरकी नाहीच मिळाली तर इतिहासाची पदवी घेऊन काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक अर्ज येतात आणि जागा तेवीस हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी नकार येतो. पण मग मी उलट विचारते, नुसत्या जीवशास्त्राच्या पदवीसमोर तरी कुठे पालखी उभी असते? नकार आला तर हातात उरणार आहे ती पदवीच. मग ती निदान आवडीने केलेली तरी असू दे! भीतीपोटी घेतलेला विषय नापसंतीने ओढत नेला, श्रेणी घसरली आणि शेवटी प्रवेशही गेला, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

मुलीलाही दोन शब्द सुनावते. इतिहास घेतेस म्हणून रसायनशास्त्र ढकलायचं नाही. विज्ञान आणि गणिताच्या विषयांची सरासरी तिकडे वेगळी काढून पाहतात, तिथे दयामाया नाही. शाळेत असताना दिलेल्या एपी परीक्षेचे क्रेडिट काही मेडिकल स्कूलं या पेपरांच्या जागी धरत नाहीत, तेव्हा प्रत्येक ठिकाणचा नियम स्वतः वाच. आणि आरोग्याच्या क्षेत्रात एकटे डॉक्टरच नसतात. फिजिओथेरपी किंवा फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय पदवीतच लागतात. मेडिकल स्कूलांच्या यादीत ते बहुधा नसतात. 'डॉक्टर नाहीतर काही नाही' असा घोशा लावणाऱ्या घरातल्या मुलांना हे चौथ्या वर्षी कळतं, आणि मग आणखी एक वर्ष जातं.

ज्या मुलाला जीवशास्त्रच आवडतं त्याने खुशाल जीवशास्त्र घ्यावं. माझं भांडण जीवशास्त्राशी नाही, सक्तीशी आहे. इथे आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरांना विज्ञानाच्या वर्गात बसवतात आणि नीटच्या ७२० गुणांच्या घाण्याला जुंपतात. त्यात भाषेला आणि इतिहासाला शून्य जागा. इथल्या मुलांना दुसरा रस्ताच नाही. तुम्हाला तिकडे चार वर्षांचं मोकळं अंगण मिळालं आहे. सात समुद्र ओलांडून गेलात आणि बॅगेतून लातूर पॅटर्न घेऊन गेलात, याला काय म्हणावं!

तेव्हा ग्रुपवरच्या समस्त काका, मामा, आत्या मंडळींना विनंती. पोरीला फॉर्म भरायचा आहे, तुम्हाला नाही. ती अभ्यास करते की नाही ते जरूर विचारा. कुठला विषय, ते तिला ठरवू द्या. आणि 'आर्ट्सवाल्यांना विचारतं कोण' म्हणणाऱ्या आमच्या चिरंजीवाने पुढच्या वेळी ताप आला की डॉक्टरला फक्त रक्ताचा रिपोर्ट दाखवावा. तोंडाने काही सांगू नये. बघू या किती जमतं ते!