निर्णायक मताचे मूल्यमापन

पडझड झालेला संघ नव्याने उभारणाऱ्या माणसाचे मूल्यमापन कशाच्या आधारे करावे, हा प्रश्न वरकरणी वृत्तपत्राच्या क्रीडापानावरचा आहे. तथापि शेवट ठाऊक झाल्यावर आधीच्या प्रत्येक कृतीला त्या शेवटाचा अर्थ चिकटवण्याची खोड आपल्या वाचनव्यवहारातही मुरलेली असल्यामुळे, साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यात लक्ष घालावे असे आम्हांस वाटते. त्यासाठी विजय मर्चंट यांच्या निवड समितीचा दाखला उपयुक्त ठरेल.

१९६९ च्या हंगामात भारतीय कसोटी संघाने मायदेशी न्यूझीलंडशी १-१ अशी बरोबरी केली आणि लगोलग ऑस्ट्रेलियाकडून ३-१ असा पराभव पत्करला. निवड समितीचे अध्यक्ष मर्चंट यांनी याच हंगामात तरुणांना संधी देण्याचे धोरण नेटाने राबवले. चेतन चौहान, अशोक मंकड, एकनाथ सोलकर, अंबर रॉय, अजित पै, गुंडाप्पा विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ यांचे कसोटी पदार्पण त्या काही महिन्यांतलेच. चंदू बोर्डे यांची कसोटी कारकीर्द त्याच हंगामात संपली. पुढे जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत समसमान मते पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर आले.

पुढची कथा सर्वपरिचित आहे. भारताने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून मालिका १-० अशी घेतली. सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडचा संघ १०१ धावांत गडगडला आणि इंग्लंडमध्येही प्रथमच मालिका जिंकली गेली. मर्चंट द्रष्टे ठरले.

आमची शंका या ‘ठरले’ क्रियापदाविषयी आहे. वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा करणारे मडगावचे दिलीप सरदेसाई संघात आले ते मुख्यतः कर्णधाराच्या आग्रहामुळे, असे सांगितले जाते. म्हणजे त्या यशाचा मोठा वाटा तरुणांच्या धोरणाबाहेरचा होता. ओव्हलवर ३८ धावांत सहा बळी घेणाऱ्या भागवत चंद्रशेखर यांना त्याआधी वेस्ट इंडीजला नेलेच नव्हते. ते वगळणे विजयाच्या झगमगाटात कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. आणि निकालच प्रमाण मानायचा, तर तो कोणत्या तारखेचा? १९७४ मध्ये हाच वाडेकरांचा संघ लॉर्ड्‌सवर ४२ धावांत बाद झाला आणि मालिका ०-३ अशी हरला. मोहिंदर अमरनाथ एका कसोटीनंतर १९७६ पर्यंत कसोटी संघाबाहेर राहिले. १९७५ पर्यंत त्यांची निवड फसलेली दिसते. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते सामनावीर ठरल्यावर तीच दूरदृष्टीची वाटू लागते. निवड तर बदललेली नाही.

दुसरी पळवाट हेतूची. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट उपकर्णधार होते आणि कर्णधार होते पतौडींचे वडील. त्यामुळे १९७१ च्या मतामागे जुनी सल होती, अशी कुजबूज होत आली आहे. कवीच्या चरित्रातून कवितेचा अर्थ काढू नये, हे आपण वर्गात शिकवतो. निर्णयकर्त्याच्या बाबतीतही तोच संयम बाळगावा. मनातली सल सिद्ध करता येत नाही. समोर कोणते पर्याय होते, हे मात्र तपासता येते.

अमेरिकन बास्केटबॉलमध्ये हा वाद उघडपणे झाला. फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी २०१३ पासून, भविष्यातील गुणी खेळाडू मिळावेत म्हणून, चालू हंगामांतले पराभव जाणूनबुजून सोसले. २०१५-१६ मध्ये संघाने ८२ पैकी अवघे दहा सामने जिंकले आणि हंगाम संपण्यापूर्वीच हिंकींनी राजीनामा दिला. त्यांच्या काळात निवडलेला जोएल एम्बीड २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण २०१८ ते २०२४ या वर्षांत संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेला नाही. समर्थक आणि विरोधक दोघेही आपापल्या सोयीचे वर्ष पुढे करतात.

मग निकष कोणते? आमच्या मते तीन: त्या क्षणी काय ठाऊक होते, दुसरा कोणता मार्ग खुला होता आणि किंमत कोणी मोजली. या कसोट्यांवर १९६९ चे धोरण आम्हांस योग्य वाटते; जुन्या फळीकडून फारशी आशा उरली नव्हती आणि नव्यांना देशांतर्गत कामगिरीचा आधार होता. पण विश्वनाथांच्या शून्यानंतरच्या १३७ धावा सांगताना एकाच कसोटीवर थांबलेले अजित पै आणि चारांवर थांबलेले अंबर रॉय यांची नावे आपण गाळतो. संयम सर्वांच्या वाट्याला सारखा आला नव्हता. कर्णधारबदलाचा निर्णय समर्थनीय होता, कारण वाडेकरांना मुंबईच्या नेतृत्वाचा अनुभव होता. मात्र १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये परदेशातील पहिली मालिका जिंकून देणाऱ्या पतौडींना बाजूस सारणे अपरिहार्य होते, हे ओव्हलचा विजयही सिद्ध करीत नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा विचार खो-खोच्या मैदानाशी येऊन भिडतो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती सारिका काळे याच जिल्ह्याची, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु प्रत्येक शाळेत, प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर दरवर्षी कोणीतरी शिक्षक बारा जणींची यादी करतो आणि उरलेल्या मुली घरी जातात. संघ जिंकला की यादी बरोबर होती असे आपण मानतो, हरला की शिक्षकाला दोष देतो. घरी गेलेल्या मुलीला का वगळले, हे दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. महाविद्यालयाच्या एकांकिकेची आणि वार्षिकांकाची निवडही याहून वेगळी नसते. निवडीची कारणे निकालापूर्वी लिहून ठेवावीत आणि वगळलेल्यांना सांगावीत, एवढी शिस्त आपण शिक्षकांनी तरी पाळावी. निकाल लागल्यानंतर सुचलेल्या कारणांवर विसंबून कोणाला द्रष्टा वा नालायक ठरवणे त्यामुळे काहीसे अवघड होईल.