जोडी जुळली तरच सूर जुळतो

आमच्या अब्बांकडे जुन्या रेकॉर्डी आहेत. बेगम अख्तर यांच्या गझला, कव्वाल्या, वसंतराव देशपांडे यांची नाट्यगीते. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होऊन आला. पण जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर कधीच भंगारात गेले होते. म्हणून आम्ही भावंडांनी पैसे जमवून दोन्ही वस्तू घेतल्या. ॲम्प्लिफायर एका दुकानात सवलतीत मिळाला, स्पीकर धाकट्या भावाच्या मित्राने स्वस्तात दिले. दोन्ही वस्तू चांगल्या होत्या, पण एकमेकींना जोडल्या आणि सारे बिघडले.

रेकॉर्ड लावली तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा. तबल्याचा बायाँ ऐकूच येईना. अब्बा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी अम्मीला म्हणाले, "माझे कानच गेले बहुतेक. डॉक्टरला दाखवावं लागेल." पुढे ईदच्या संध्याकाळी मुलांनी मोबाइल जोडून मोठ्याने गाणी लावली, तर अर्ध्या तासात ॲम्प्लिफायर तापून बंद पडला. दुकानदाराचा सल्ला एकच, "जास्त वॅटचा घ्या."

शेवटी ओळखीच्या एका मेकॅनिक चाचांना घरी बोलावले. त्यांनी दोन्ही वस्तूंची मागची बाजू वाचली आणि म्हणाले, "बेटा, रिश्ता ठरवताना दोन्ही घरं बघतात ना? इथं तुम्ही एकच बघितलंत."

पहिली गोष्ट ओहमची. ॲम्प्लिफायरवर '८ ते १६ ओहम' असे लिहिले होते आणि स्पीकर ४ ओहमचे होते. ओहमचा आकडा जितका लहान, तितका स्पीकर जास्त विद्युतप्रवाह ओढतो. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायरला तो भार पेलत नाही, तो तापतो. वॅट वाढवून हा दोष जातोच असे नाही. आकडे जुळावे लागतात.

दुसरी गोष्ट रेकॉर्डची. प्लेअरच्या सुईकडून येणारा संकेत साधारण ४-५ मिलिव्होल्टचा असतो, तर सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. शिवाय रेकॉर्ड बनवताना खर्जाचे सूर मुद्दाम कमी आणि वरचे सूर वाढवून कोरलेले असतात. वाजवताना ते पुन्हा मूळ प्रमाणात आणावे लागतात. ही दोन्ही कामे 'फोनो' नावाचा भाग करतो. आमच्या ॲम्प्लिफायरला फोनोची जागाच नव्हती! अब्बांचे कान शाबूत होते. दोष आमच्या खरेदीत होता.

तिसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'पीएमपीओ'चा आकडा सोडून द्यावा, 'आरएमएस' वॅट विचारावेत. त्याबरोबर स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी २० वॅट लागतात, तेवढ्याच आवाजाला ८९ डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट पुरतात. दहा बाय बाराच्या खोलीत नेहमीच्या आवाजात ऐकताना एक-दोन वॅटच खर्च होतात. ३०-४० वॅटचा चांगला ॲम्प्लिफायर अशा घराला भरपूर झाला.

म्हणून आमच्या वाचक भगिनी-बांधवांना सांगणे असे, की खरेदीचा क्रम उलटा करू नये. आधी खोली पाहावी, मग खोलीला शोभतील असे स्पीकर आणि शेवटी त्या स्पीकरना पेलेल असा ॲम्प्लिफायर. पैशाचा मोठा वाटा स्पीकरला द्यावा, कारण आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. ओळखीची एखादी रेकॉर्ड किंवा सीडी दुकानात नेऊन स्वतःच्या कानांनी ऐकावी. महागड्या तारांच्या मोहात पडू नये. चार-पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. मात्र लाल टोक लालला आणि काळे काळ्यालाच जोडावे. एका बाजूला उलटे झाले की खर्ज पातळ होतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, तिथे आवाज घुमतो. खोलीतले पडदे, गालिचा, पुस्तकांचे कपाट हेही आवाज सुधारतात, आणि त्यांना वेगळा खर्च नाही.

आम्ही स्पीकर मित्राला परत केले, ८ ओहमचे घेतले आणि फोनोचा एक छोटा डबा मध्ये जोडला. पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा अब्बा खुर्ची पुढे ओढून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बायाँ आला." डॉक्टरकडे जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.