पोर्टिंगला हमाली म्हणणाऱ्यांसाठी : परम ८००० पासून हिंजवडीच्या सीआर१६ पर्यंत

अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला आणि पुण्याने परम घडवला, एवढ्या एका वाक्यात पुण्याचा संगणक-इतिहास संपवण्याची रीत रूढ झाली आहे. या गौरवगाथेला कंटाळलेला दुसरा पक्ष तितक्याच घाईने म्हणतो, की चिप परदेशी, आज्ञावली परदेशी. इथल्यांनी केवळ एका यंत्रावरचे सामान दुसऱ्या यंत्रावर वाहून नेले. दोन्ही पक्षांचा एक गैरसमज समान आहे : वाहून नेणे हे काम दुय्यम, आणि म्हणून इतिहासाबाहेरचे.

वस्तुतः परमचा इतिहास हा वाहून नेण्याचाच इतिहास आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो ब्रिटिश इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. इन्मॉसची पुढची टी-९००० चिप लांबत गेली. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० आला, परम ९००० मध्ये सुपरस्पार्क, आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क. सात वर्षांत चार प्रोसेसर बदलले किंवा नव्याने स्वीकारले गेले. यंत्राचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येते. पण हवामानाचे किंवा द्रवगतीचे गणित करणारा प्रोग्राम नव्या चिपेवर पुन्हा चालता व्हावा, यासाठी झालेल्या श्रमांचे छायाचित्र निघत नाही.

योगायोग असा, की १९९१ च्या ऑगस्टमध्येच हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. ती इंटेलच्या ३८६ ला घट्ट बांधलेली होती आणि अन्यत्र नेण्याजोगी नाही, असे त्याने स्वतःच सांगितले होते. १९९५ पर्यंत ती अल्फा, स्पार्क आणि मिप्सवर चालू लागली. तिला तेथवर नेणाऱ्यांना कोणी हमाल म्हणत नाही. मग हा शब्द पुण्याच्याच वाट्याला का यावा?

आता हिंजवडीकडे वळू. चाकणहून बाहेर पडणाऱ्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांच्यासाठी स्वतंत्र लहान प्रोसेसर असतात आणि अशा प्रत्येक प्रोसेसरजातीला तिच्या बोलीत उतरवून देणारा कंपायलर लागतो. पिंपरी-चिंचवडला खेटून असलेल्या हिंजवडीतील केपीआयटी कमिन्स या कंपनीने नेमके हे काम केले. रेनेसासच्या एसएच आणि एच-८ या चिपांसाठी जीसीसी या मुक्त कंपायलरचे संच तिने तयार करून वापरकर्त्यांना दिले. पुढे नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ या प्रोसेसरसाठी तिने लिहिलेला संपूर्ण विभाग जीसीसीच्या मूळ भांडारात दाखल झाला. त्यावर २०१२ चा स्वामित्व-उल्लेख आहे.

हे काम किती ‘दुय्यम’ होते? सीआर१६ वर पूर्णांक १६ बिटांचा, पण स्मृतीतील पत्ता त्यात मावत नाही. नोंदपेट्या, म्हणजे रजिस्टर, काही १६ बिटांच्या तर काही ३२ बिटांच्या. फंक्शनला मूल्ये कोणत्या नोंदपेटीतून द्यायची, परत येताना काय जपायचे, बेरजेची कोणती आज्ञा कोणत्या रूपात स्वस्त पडते, हे सारे प्रोसेसरच्या वर्णनपत्रातून उकलून जीसीसीच्या परिभाषेत मांडावे लागते. एखादा नियम चुकला तर कंपायलर तक्रार करत नाही. तो मुकाट्याने चुकीचा प्रोग्राम बनवतो. पवईच्या आयआयटीत जीसीसीचे अंतरंग शिकवणाऱ्या कार्यशाळा घ्याव्या लागल्या, त्या हे ज्ञान सहज हाती लागणारे नव्हते म्हणूनच.

आणि आता खरी खंत. प्रोसेसरमधील तुलनेच्या निकालाचे खुणा-बिट हाताळण्याची एक जुनी पद्धत कायमची काढून टाकायचे जीसीसीच्या चालकांनी ठरवले. ज्या विभागांत ती होती, ते नव्या पद्धतीत आणणे किंवा गमावणे, एवढेच पर्याय उरले. १९७९ च्या मोटोरोला ६८००० साठी अमिगा आणि अटारीच्या छंदिष्टांनी २०१९ मध्ये चक्क वर्गणी जमवली आणि तो विभाग वाचला. १९७७ चे व्हॅक्स, जे आज बहुतेकांनी पाहिलेलेही नाही, तेही वाचले. सीआर१६ साठी कोणी उभे राहिले नाही. २०२१ च्या जीसीसी ११ मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला आणि २०२२ च्या जीसीसी १२ मधून वगळला गेला.

नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्येच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली होती, हा बचाव अर्धाच खरा आहे. व्हॅक्स घडवणारी डेक कंपनी तर १९९८ मध्येच कॉम्पॅकच्या पोटात गेली. व्हॅक्सला वारस लाभले कारण त्यावर जीव लावणारी माणसे कंपनीबाहेर होती. हिंजवडीचे काम मात्र कंत्राटासोबत जन्मले आणि कंत्राटाची गरज सरताच पोरके झाले. येथील महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या संगणक अभियंत्यांपैकी कोणाला, आपल्या बसच्या मार्गावर लिहिला गेलेला कंपायलर जगाच्या भांडारातून हटवला जात आहे, हे ठाऊक होते? पिंपरीत १९९८ ची इंडिका आठवणारे पुष्कळ भेटतील. सीआर१६ चे नावही ऐकलेले कितीजण भेटतील?

जीसीसी ११ चा जुना संच आजही कोणालाही उतरवून घेता येतो. त्यातील सीआर१६ च्या फाइलींच्या माथ्यावर केपीआयटी कमिन्सचे नाव आहे. लिहिणाऱ्या हातांची नावे बदल-नोंदींत शोधावी लागतात. ते अभियंते अजून नोकरीच्या वयात असतील. त्यांना अद्याप विचारता येते.