टोन दुकानात विकत मिळत नाही

सत्तरच्या दशकातले हार्ड रॉक गिटारवर वाजवू पाहणारी तरुण मुले आजही भरपूर आहेत. मात्र बोटे नीट बसण्याआधीच त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तसा टोन येण्यासाठी कोणते पेडल घेऊ?’ बाजार उत्तर घेऊन तयारच असतो. ते परवडले नाही की ‘हे आपले काम नाही’ म्हणून गिटार कोपऱ्यात जाते. माझ्या मते इथे प्रश्नच चुकतो. हा आवाज श्रीमंतीतून आलेला नाही, तो अडचणीतून घडला आहे.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामगार होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे ब्लॅक सबाथच्या 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. त्यातून आलेला जडपणा पुढे हेवी मेटलची ओळख बनला.

हे एकट्याचे उदाहरण नाही. 1964 साली द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडून खरखरीत आवाज मिळवला. लंडनच्या जिम मार्शलने ॲम्प्लिफायर बनवायला घेतले, त्याचे एक कारण अमेरिकेहून येणारे ॲम्प्लिफायर महाग पडत, हे होते.

यंत्राला महत्त्व नाही, असे मुळीच नाही. व्हॉल्व्ह ताकदीबाहेर चालवला की आवाज फाटतो, हे खरेच. पण यंत्र हाताचेच काम मोठे करून ऐकवते. हातात गोंधळ असेल, तर गोंधळच मोठा होतो.

‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ घ्या. बहुतेक नवशिके तो प्लेकने, षड्ज-पंचमाच्या जोडीत, म्हणजे पॉवर कॉर्डमध्ये बडवतात. रिची ब्लॅकमोर तो दोन तारा बोटांनी एकदम छेडून वाजवतो आणि जोडी असते षड्ज-मध्यमाच्या अंतराची. सूर ओळखीचेच राहतात, पण आवाजाचा पोत बदलतो. हा फरक कोणतेही पेडल देत नाही, तो कानाला कळावा लागतो. एसी/डीसीच्या माल्कम यंगचेही तसेच. त्याच्या तारा जाड आणि गेन लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. ‘बॅक इन ब्लॅक’चा दरारा सुरांइतकाच मधल्या थांब्यांत आहे. तार वेळेवर दाबून गप्प करता आली नाही, तर तो रिफ उभाच राहत नाही.

म्हणून शिकणाऱ्यांना सांगणे एवढेच : आधी गेन अर्ध्यावर आणा. रिफ निम्म्या लयीत, पायाने ठेका धरून वाजवा. टॅब बघण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐका. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, रियाज. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही. उस्तादांचे सामान विकत घेता येते. त्यांचे कान आणि हात मात्र रोज थोडे थोडे कमवावे लागतात. गरिबाच्या मुलालाही ते कमावता येतात, आणि या संगीताचा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो.